साखीर ते कुंभार्ली घाट

रविवारी, ६ डिसेंबर २०२० ला, बहरीनच्या साखीरमध्ये फॉर्म्युला टूचा हंगाम संपला. विजेतेपद मिक शूमाकरचं, पण शेवटची शर्यत आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाची! ही शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. अलोऱ्यातल्या पोरांच्या स्टेटसला तोच.

आठवडाभर आधी तिथेच फॉर्म्युला वनमध्ये रोमां ग्रोजाँची गाडी दुभंगून पेटली. माणूस आगीतून जिवंत बाहेर आला. डोक्यावर हेल्मेट, अंगात आग सोसणारा सूट, वर हेलोची कडी. हे मात्र कुणाच्या स्टेटसला नव्हतं.

कुंभार्ली घाटातल्या अपघातांच्या बातम्या लिहून हात थकले हो. पोरांची हेल्मेटं आरशाला लटकलेली. खरं सांगू? शिरगावपर्यंत जाताना मीही घालत नाही.

आजपासून घालतोय. तुमचं काय?