रेवाल चाल

सारंगखेड्याच्या यात्रेत मी घोडा घ्यायला गेलो नव्हतो. दत्तजयंतीला तापीकाठी बाजार भरतो, धुळ्याहून दोन तासांचा रस्ता, म्हणून पाय मोकळे करायला गेलो होतो इतकंच. एक म्हातारा व्यापारी घोडी दाखवत होता. कंठाखालचं देवमण दाखवून झालं, भोवरे मोजून झाले, ओठ वर करून दात झाले. गिऱ्हाईक तरुण होतं. ते म्हणालं, "पळवून दाखवा." म्हाताऱ्याने स्वाराच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दिला आणि घोडी रेवाल चालीत सोडली. पाय दिसत नव्हते इतकी झपाझप गेली आणि वळून आली. पेल्यातलं पाणी हललं, सांडलं नाही.

"पळतात तर सगळेच," म्हातारा म्हणाला. "तुम्हाला रोज बसायचंय ना?"

त्या सुमारास मीही अशाच एका खरेदीच्या नादी लागलो होतो. घर धुळ्याला, काम जळगावला. आठवड्यातून तीनदा नव्वदेक किलोमीटर जाऊन परत यायचं. पारोळा, एरंडोल, पाळधी. हा सुरत-नागपूर रस्ता तेव्हा दुपदरी होता. ज्याने त्यावर केळीच्या ट्रकमागे अर्धा तास काढलाय, त्याला वेगवान गाडी म्हणजे काय ते मी सांगायला नको. ताशी दोनशेचा आकडा इथे काही कामाचा नाही. समोरचा रस्ता सात-आठ सेकंद मोकळा दिसतो, तेवढ्यात साठावरून शंभरावर जाऊन ट्रकच्या पुढे निघायचं आणि आपल्या बाजूला यायचं. अंगात जोर हवा तो एवढ्यासाठी. बाकीचा सगळा वेळ शहाण्यासारखंच चालायचं असतं.

नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुन्याच गाड्या पाहत होतो. पहिला जीव गेला तो ऑक्टाव्हिया आरएसवर. २००४ साली आपल्याकडे आलेली, टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती. स्कोडाचा कारखाना कन्नडचा घाट चढून गेलं की संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, म्हणजे जवळजवळ माहेरचीच. पण वीस वर्षांची घोडी रोजच्या दौडीला जुंपायची म्हणजे तिचेही हाल आणि आपलेही. मग पोलो जीटी टीएसआय पाहिली. चाकणची, सात गिअरचा ऑटोमॅटिक डबा, चालवायला लोणी. पण त्या डब्यातले दोन्ही क्लच कोरडे, आणि आमचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. जळगावच्या सराफ बाजारातल्या गर्दीत इंच इंच सरकताना त्या क्लचचं काय होईल, या विचाराने मन धजेना.

आणि मग विंचू दिसला. अबार्थ पुंटो, २०१५ साली आलेली. फियाटने ती रांजणगावात, महागणपतीच्या शेजारी, बांधली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि बोनेटवर ढालीत विंचू. कार्लो अबार्थची रास वृश्चिक, म्हणून त्याने हे चिन्ह घेतलं. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझीही वृश्चिकच आहे, मी कुठं दारावर विंचू लावला?" (पाश्चात्त्यांची रास सूर्यावरून असते आणि आपली चंद्रावरून, हा मुद्दा मी गिळला.)

पहिली पाहिली ती एका मोठ्या शहरातल्या एजंटाकडे. काचेवर पाटी, "एकच मालक, ३२,००० किमी". पॉलिश इतकं की भांग पाडून घ्यावा. पण क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं चामडं जुन्या चपलेसारखं चकाकत होतं. मी वाकून टायर पाहिले. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीन चाकं एका सालची, चौथं चार वर्षं धाकटं. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला. दात पाहिल्यावर वय कळतं, मग मालक काहीही सांगो. चहा घेतला आणि परत आलो.

दुसरी पुण्याची. मालकाने दारात सर्व्हिसच्या बिलांची फाईल ठेवली आणि गाडी थंडच ठेवली होती. मला तिथेच निम्मी पसंत पडली. जुनी टर्बो गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असलं तर जरा संशय घ्यावा. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा खरं बोलतं. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. आला नाही. मी सोबत नेलेला धुळ्याचा मिस्तरी खाली वाकून, वर उठून, कान लावून शेवटी म्हणाला, "इंजिन भारी शे, भाऊ." मग त्याने पार्टांची काळजी केली, आणि ती खरी होती. फियाटचं डिझेल इंजिन त्याने स्विफ्टमध्ये शेकडो वेळा उघडलं होतं, हे पेट्रोल टर्बो एकदाही नाही. तरीही अठ्ठावीस, एकोणतीस, तीस नंबरचे फॉर्म भरले आणि एमएच बाराची गाडी एमएच अठराच्या गावी आली.

इथवर सगळं ऐटीचं. पुढचं रोजचं. हिची पोटाखालची उंची १५५ मिलिमीटर, आणि आमच्याकडे गतिरोधक गावकरी आपल्या हिमतीवर घालतात. रस्त्याखाली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबराला लाटा. या लाटांवर हिची कडक स्प्रिंग पाठीचा हिशोब ठेवते. पेल्यातलं पाणी सांडतंच, खोटं कशाला बोलू? पण एरंडोलच्या पुढे तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आधी क्षणभर काहीच होत नाही, मग टर्बोची बारीक शीळ ऐकू येते आणि ट्रक आरशात जातो. सहा सेकंदांचं सुख.

गंमत म्हणजे पुढे तो रस्ता चौपदरी होत गेला. ज्या ट्रकांसाठी हिला आणलं, ते आता डाव्या लेनमधून निमूट जातात. मी ऐंशी-नव्वदवर असतो. अल्टोवाले पुढे जाताना विंचवाकडे पाहून हसतात.

गेल्या हिवाळ्यात आसोद्याहून भरताची वांगी आणली. आई म्हणाली, गॅसवर भाजलेलं भरीत मी खाणार नाही. मग पऱ्हाटीच्या काड्यांचा भाराही आणला. डिकीत मावेना, मागची सीट पाडून कोंबला. १४५ अश्वशक्तीवर एक भारा सरपण.

घरी पोचलो, दारात गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. तापलेलं असताना एकदम बंद केलं तर ऑइल थांबतं आणि आतल्या आत जळतं. म्हणून लांबून आल्यावर मिनिटभर तसंच राहू द्यायचं. घोडाही दौडून आल्यावर लगेच खुंट्याला बांधत नाहीत, थोडा फिरवतात.

आई फाटक उघडून उभी होती. "बंद का करत नाहीस रे?"

"दम खातेय."

तिने पदराने विंचवावरची धूळ पुसली आणि काड्या उतरवायला मागे गेली.