कुपवाडचा हेल

रात्रीच्या गाडीने पुण्याहून निघालो आणि फजरच्या सुमारास मिरज जंक्शनला उतरलो. आम्ही दोघे आणि आमची धाकटी लेक. निमित्त होते कुपवाडला राहणाऱ्या खालाजानच्या तब्येतीची विचारपूस करण्याचे. खरे कारण वेगळे होते. दोन महिन्यांपासून लेकीने चारचौघांत बोलणे सोडून दिले होते.

झाले असे. एका वक्तृत्व स्पर्धेत ती मराठीतून बोलली. मुद्दे चांगले होते, पाठांतर चोख होते. परीक्षक म्हणाले, "भाषा शुद्ध आहे, पण तो हेल तेवढा घालव. तोंड उघडताच मोहल्ला कळतो." सभागृहात हशा पिकला. पुढे पंधरा दिवसांनी एका दावतीत उत्तरेकडच्या पाहुण्या बाईंनी तिला सर्वांसमोर टोकले, "बेटी, क़ीमा म्हणावे, खिमा नाही. ही कसली उर्दू?" मराठीत ती मुसलमान ठरली आणि उर्दूत मराठी. घरी आल्यावर तिने विचारले, "अब्बा, मग माझी भाषा कोणती?"

आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. पण या प्रश्नाचे उत्तर कुठे मिळेल, हे ठाऊक होते.

मिरजेत आधी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे गेलो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात विसावले. जन्म उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा, १९३७ साली इंतकाल झाल्यावर दफन मिरजेत. दक्षिणेच्या संगीतातले पुष्कळ काही त्यांनी आपल्या गायकीत घेतले आणि मराठी पदेही गायली. त्यांची आठवण काढत आम्ही तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो. मिरजेचे हे सतारमेकर मूळचे हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांपैकी. तलवारींचे दिवस सरले तसे त्यांचे हात एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले. पंढरपूरकडचे भोपळे दुकानात छतापर्यंत रचलेले होते.

एक वयस्क कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जव्हारी काढत बसले होते. घोडीचा माथा हलक्या हाताने घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचे. कुणाला खुली जव्हारी हवी असते, कुणाला बंद. लेकीने विचारले, "चाचा, यातली बरोबर कुठली?" ते हसले. "दोन्ही बरोबर. सूर उतरला तर चूक. जव्हारी वेगळी असली म्हणून चूक कशी?"

लेक काही बोलली नाही, पण तिने ते मनात ठेवले असावे.

मिरजेहून कुपवाडला रिक्षाने निघालो. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून आता एकच महानगरपालिका आहे. औद्योगिक वसाहतीतले कारखाने, ट्रक, टपऱ्या पाहिल्यावर हे कधी खेडे होते यावर विश्वास बसत नाही. पण जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव खेडे म्हणूनच माहीत आहे. जॉन गंपर्झ हे अमेरिकेतले अभ्यासक आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली या गावावर एक निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमानांच्या घरांत उर्दू, दलित वस्तीत मराठी आणि दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. बाजारात आणि पारावर बहुतेकांना मराठीसकट दोन-तीन भाषा येत.

त्यांना आढळले ते विलक्षण होते. शतकानुशतके शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली होती. एका भाषेतले वाक्य घ्यावे, शब्दाच्या जागी शब्द ठेवत जावे, की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार. तरीही शब्द ज्याचे त्याने जपले होते. घरात आपली बोली, बाहेर मराठी. एकमेकांत मिसळले, पण कुणी कुणाला गिळले नाही.

खालाजान उंबऱ्यातच उभ्या होत्या. "आओ आओ, भार काय कू खडे?" आम्ही टेकलो न टेकलो तोच शेजारच्या अक्का आल्या. अक्का जैन, घरात कानडी बोलणाऱ्या. लेकीकडे पाहून म्हणाल्या, "पोरगी दमली काय?" लगोलग खालाजान, "बच्ची थकी क्या?" वाक्य तेच, क्रम तोच, आणि शेवटच्या 'काय'वर आणि 'क्या'वर आवाज तसाच खाली टेकलेला. पुस्तकी उर्दूत हा 'क्या' वाक्याच्या सुरुवातीला येतो. इथे तो मराठी 'काय'चा हात धरून शेवटी जाऊन बसला आहे.

लेकीचे कान टवकारले. तिच्या मोबाइलमध्ये दोघींचे बोलणे आले आणि दुपारी ते लॅपटॉपवर उघडले गेले. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी तयार केलेली 'प्रात' नावाची मोफत प्रणाली आहे. आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, याची ती रेघ काढून दाखवते. पडद्यावर अक्कांची मराठी आणि खालाजानची दखनी शेजारीशेजारी आली. शब्दागणिक छोटी चढण आणि अखेरीस उतार. एका दुपारच्या या उद्योगाला संशोधन म्हणता येणार नाही. पण शब्द झाकून नुसती रेघ दाखवली असती, तर कुठली बाई कुठल्या घरातली, हे आम्हाला सांगता आले नसते. ज्या हेलाला 'मोहल्ल्याचा' म्हणून हसले गेले होते, तो अर्धा तरी अक्कांच्या अंगणातला होता.

मग उच्चारांवर गप्पा रंगल्या. दखनीत उर्दूचा क़ बहुधा ख होतो. कब्रस्तानचे 'खबरस्तान' होते, क़ीमाचा 'खिमा' होतो. आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉटेलाची पाटी पाहा. तिथे 'खिमा'च लिहिलेले असते. उत्तरेच्या पाहुण्या बाईंना जी चूक वाटली, ती अवघ्या मराठीने केव्हाच आपली म्हणून घेतली आहे. उलट दिशेनेही देवघेव झाली. दखनीतला 'नक्को' मराठीचा, आणि 'अभीच', 'मैंच' यांतला जोर देणारा 'च'ही मराठीचाच. मराठीत च दोन, 'चार' मधला वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा. तसाच ज दोन. फारसीतून आलेले बाजार, हजार, जमीन हे शब्द मराठीत दाताजवळच्या ज-ने उच्चारले जातात, कारण परक्या ज़-ला जवळचा आवाज मराठीकडे तोच होता. जीभ आपल्या घरातले सामान वापरूनच पाहुण्याची सरबराई करते.

खालूजान बराच वेळ ऐकत होते. लेकीने त्यांना 'क़लम' म्हणायला सांगितले. ते बेधडक 'खलम' म्हणाले. तेवढ्यात असरची वेळ झाली. नंतर ते तिलावतीला बसले, तेव्हा प्रत्येक काफ़ जिभेच्या मुळाकडून, मख़रजाप्रमाणे, अगदी स्वच्छ उमटत होता. म्हणजे जिभेला येत नाही असे नव्हे. लहानपणी मकतबमध्ये उस्तादांनी तो आवाज बसवून घेतला आहे. तो तिलावतीसाठी आहे, आणि 'खलम' घरच्या बोलण्यासाठी. एकाच माणसाच्या तोंडात दोन रीती सुखाने नांदतात.

तरीही हेलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ही गोष्ट लेकीला आम्ही रात्री जेवणानंतर सांगितली, आणि तीही गंपर्झ यांच्याच अभ्यासातली आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या. मांसावर ग्रेव्ही हवी का, हे विचारण्यासाठी तिथल्या इंग्रज बायका 'ग्रेव्ही' हा एकच शब्द आवाज चढवून म्हणत. आपल्या बायका तोच शब्द आवाज उतरवून म्हणत. त्यांच्या मते तो अदबीने विचारलेला प्रश्न होता. इंग्रज कानांना मात्र ते 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असे वाटे. या बायका उर्मट आहेत अशी तक्रार झाली, आणि बायकांना वाटे की आपल्याला उगाच दुजाभावाने वागवतात. ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंना ऐकवले, तेव्हा गाठ कुठे पडली ते कळले. एका शब्दाचा चढ-उतार, आणि दोष लागला स्वभावाला.

"मग त्यांनी आपला हेल टाकावा का?" लेकीने विचारले.

"टाकू नये. पण समोरच्याचा कान ओळखावा," आम्ही म्हणालो. "मुलाखतीत, कचेरीत तिथली रीत शिकून घ्यावी, खालूजानांनी काफ़ शिकला तशी. आणि ऐकणाऱ्यानेही आपला कान थोडा रुंद करावा. हेल ऐकून माणसाची नियत ठरवू नये." खालाजान मध्येच म्हणाल्या, "भाषा और रंग अलग-अलग हैं, ये तो अल्लाह की निशानियां हैं. सूरह रूम में है, भूल गये क्या?" 'क्या' पुन्हा शेवटी आणि पुन्हा खालच्या सुरात. सगळे हसलो. या खेपेस लेकही हसली.

पण काळजीची एक बाजू आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला आणि २०१५ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. भाषावार राज्ये झाल्यानंतर इथे मराठीचे वजन वाढले आहे. अक्कांची नातवंडे आजीच्या कानडीला मराठीत उत्तरे देताना आम्ही स्वतः ऐकली. आमच्या घरांतही हेच होऊ शकते. मुलांना बोलीची लाज वाटू लागली, की ती दोन पिढ्यांत मागे पडते. वरच्या सभागृहातला एक हशा त्याला पुरतो. म्हणून घरात मुले 'नक्को' म्हणाली तर रागावू नका, आणि शाळेत चोख मराठी बोलली तर 'बडी आयी मराठीवाली' म्हणून टोमणा मारू नका. दोन्ही त्यांचीच आहेत.

दुसऱ्या दिवशी निघताना अक्का पुरणपोळीचा डबा घेऊन आल्या. खालाजान त्यांचा हात धरून म्हणाल्या, "अगले बरस अपन सब पूना जायेंगे." पुस्तकी उर्दूत इथे 'हम' आला असता, आणि त्यात अक्का आहेत की नाहीत हे कळले नसते. मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. दखनीने तो भेद 'अपन'मध्ये उचलला आहे, आणि त्या 'अपन'मध्ये अक्का होत्या.

गाडीत लेकीने वही काढली. पुढच्या महिन्यात आणखी एक स्पर्धा आहे. विषय तिनेच निवडला आहे, आणि हेल तोच राहणार आहे.