जांभळी कोरांटी आणि वाकडी काकडी



आज अंगणातल्या फुलझाडांचं लिहितोय, पण शेवटी पिकावरच येणार आहे.

आमच्या जुन्या घराच्या भिंतीला आईनं लावलेली जांभळी कोरांटी होती. दसऱ्याला फुलायला लागली की थंडीभर फुलायची. नवं घर बांधताना मी जेसीबीवाल्याला म्हणालो, काढून टाक, विटा उतरवायला जागा होईल. आई ओट्यावर बसून बघत होती. काही बोलली नाही. दोन वर्षांनी ती गेली.

अंगण भकास झालं. घरामागं काकडीचे चार-पाच वेल असतात, त्यांच्या काकड्याही वाकड्या, टोकाला बारीक यायला लागल्या. मी खत वाढवलं. कृषी सहायक आले होते, ते म्हणाले, "खताचं नाही, परागीभवन कमी पडतंय. माशी कुठाय तुमच्याकडं?"

सूनबाई म्हणाली, "मामा, जांभळी फुलं लावू. दरवर्षी नव्यानं लावायला नकोत अशी." मधमाशीला तांबडा रंग नीट दिसत नाही, निळा-जांभळा चांगला दिसतो. म्हणून मलाही पटलं.

पहिल्यांदा चुकलो. रोपवाटिकेतनं रुएलिया आणली. फूल सुरेख, पण वाळलेली शेंग भिजली की तडकते आणि बी लांब उडतं. मुळंही जमिनीतनं पसरतात. दोन पावसाळ्यांत न्हाणीपासून पाटापर्यंत पोचली. उपटता उपटता कंबर गेली. बेशरमीचं फूलही जांभळटच, कांडी खोचली की लागते, पण शेळ्यांना विषारी. घाणेरीही जनावराला बाधते.

आता फूल बघायच्या आधी तीन गोष्टी बघतो. जनावराला बाधेल का? अंगण सोडून रानात शिरेल का? मधमाशी येईल का? या चाळणीतनं आमच्याकडं उरली ती अशी:

निर्गुडी: कुंपणाला. पावसाळ्यात वीत-दीड वीत काडी खोचली की लागते. शेळी सहसा तोंड लावत नाही. पाला धान्यात ठेवायला होतो.

गोकर्ण: बी टणक, रात्रभर भिजवून लावा. द्विदल आहे, मुळावर नत्राच्या गाठी येतात. शेळीला फार आवडतो, म्हणून जाळीवर उंच चढवा.

कृष्णतुळस: सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. एक-दोन झाडं फुलू द्या, मग माशा बघा.

आणि कोरांटी. ती कुठं मिळेना. मग आठवलं, थोरली बहीण लग्नानंतर माहेरची एक फांदी सासरी घेऊन गेली होती. तिच्याकडं गेलो. अजून आहे, चांगली छातीएवढी. तिनं सहा काड्या दिल्या, चार लागल्या. गेल्या दसऱ्याला पहिलं फूल आलं.

यंदा काकडी बरीच सरळ आली. पाणीही वेळेवर होतं, सगळं श्रेय फुलांना देत नाही. पण सकाळी आठच्या सुमाराला वेलावर माशा दिसतात, त्या आधी दिसत नव्हत्या.

कुणाला कोरांटीची काडी हवी असेल तर पावसाळ्यात या, फुकट देईन. आणि घराभोवती जेसीबी लावायच्या आधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा. ती आपणहून बोलणार नाही.