सुजलेले डोळे

भाच्याचे डोळे सकाळी सुजायचे. आम्ही म्हणायचो, झोप झाली नसेल. लघवीत प्रथिनं जातात, कोलेस्टेरॉल वाढलंय, हे उशिरा कळलं. स्टेरॉइडनेही फरक पडेना. गोंदिया-नागपूर फेऱ्या सुरू झाल्या.

तिथे एक उपचार ऐकला. डायलिसिससारखं रक्त बाहेर काढायचं, वाईट कोलेस्टेरॉल गाळायचं, परत सोडायचं. जपानमध्ये हे चालतं. किडनीच्या गाळण्यांवर व्रण पडलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेनेही २०१३ मध्ये मर्यादित परवानगी दिली. गुण सगळ्यांनाच येतो असं नाही.

ते यंत्र गोंदियात येईल तेव्हा येवो. लघवी तपासायची पट्टी तर काही रुपयांची आहे ना? ती गावागावात मिळालीच पाहिजे. आणि मित्रांनो, लेकराचे डोळे सुजले तर झोपेवर ढकलू नका. आम्ही तेच केलं.