थकलेल्या बाईचा रंग

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या मुली एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. स्मरणचित्रात बाई काढायची म्हटली, की ती गोरी-गुलाबी असते, डोक्यावर घागर असते आणि ती हसत असते. वर्गातल्या कुणाचीच अम्मी अशी दिसत नाही. काही घरांतून 'माणसाची तसवीर नको' असे सांगितले जाते. त्या घरांचा आम्ही मान राखतो. त्या मुली संकल्पचित्रात आपला हात दाखवतात. पण जिथे अशी हरकत नाही, तिथेही खरी बाई कागदावर का उतरत नाही, हा आमचा सवाल आहे.

म्हणून आम्ही मुलींना अमृता शेरगिलची चित्रे दाखवतो. ती 1913 साली बुडापेस्टला जन्मली. आई हंगेरियन, वडील शीख. पॅरिसला चित्रकला शिकून 1934 च्या अखेरीस ती हिंदुस्थानात परतली आणि 1935 साली तिने 'तीन मुली' हे चित्र काढले. त्यातल्या तिघी नुसत्या बसल्या आहेत. एकही आपल्याकडे पाहत नाही, एकही हसत नाही. चेहरे सावळे, कपडे मात्र रंगीत. 1937 साली या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. दरम्यान तिने अजिंठा पाहिला होता. त्यानंतरच्या 'वधूचा शृंगार' या चित्रात सावळ्या अंगकांतीला आणखीच तेज आले.

मुली सर्वांत जास्त बोलल्या त्या 1940 सालच्या चित्रावर. लाल कपड्यांतली एक बाई खाटेवर आडवी झाली आहे, शेजारी दुसरी पंखा घेऊन बसली आहे. "ही तर झोपलीय, यात काढायचे काय?" एकीने विचारले. दुसरी म्हणाली, "काम संपल्यावर माणूस पडणार नाही तर काय?" लाल म्हणजे शादीचा रंग, खुशीचा रंग, एवढेच आमच्या मुलींना ठाऊक होते. इथे तोच रंग एका दमलेल्या बाईच्या वाट्याला आला होता, तिचा थकवा न झाकता.

पुढच्या तासाला एका मुलीने शिलाई मशीनवर वाकलेली अम्मी काढली. डोळ्यांखाली जांभळा रंग, ओढणी मात्र लखलखीत पिवळी. अम्मी शाळेत आली तेव्हा आधी नाराज झाली. "माझा असा चेहरा लोकांना दाखवणार?" मग बराच वेळ चित्र पाहत राहिली आणि जाताना ते घरी मागून घेऊन गेली.

शेरगिल 1941 साली लाहोरला वारली, अवघ्या 28 व्या वर्षी. स्त्रीत्वाचा गौरव आम्ही 8 मार्चच्या भाषणांतून दरवर्षी ऐकतो. त्यात आई देवता असते, त्यागमूर्ती असते. दुपारी पाय पसरून पडलेली कधीच नसते. आमच्या मुलींनी तिला तशी पाहावी, तशी रंगवावी आणि तिच्यासाठी डब्यातला सगळ्यांत चांगला रंग काढावा, एवढीच आमची इच्छा आहे.