एवढासा ‘राईस’

आम्हां वडखळकडच्या मुलांना इंग्रजीतला ‘राईस’ हा शब्द फार तोकडा वाटतो. खारेपाटात लावतो ते भात, कापतो तेही भातच. भरडले की तांदूळ, तुटला तर कणी आणि शिजला की पुन्हा भात! चिनी विद्यार्थ्याचीही हीच अडचण. त्याच्याकडे शेतातले ‘दाओ’, कोठीतले ‘मी’ आणि ताटातले ‘फान’. ‘फान’ म्हणजे जेवणसुद्धा. इंग्रजांनी ‘पॅडी’ हा शब्दही मलायीतून उसना घेतला. ज्यांच्या शिवारात हे पीक नाही, त्यांचे एका शब्दात भागते. पण भाषांतर करताना आईची लावणी, कापणी, झोडणी त्या एका शब्दात बुडून जाते. मित्रहो, इंग्रजी जरूर शिकावे. घरचे शब्द मात्र गहाण टाकू नयेत.