पेला तोच, जठर नवें

मद्यपान हा विषय आमच्यासारख्या घरांत दोनच प्रकारांनीं निघतो; एक तर निषेधानें, नाहीं तर विनोदानें. माहिती म्हणून त्याविषयीं बोलण्याची चाल आपल्याकडे नाहीं. ज्या गोष्टीचें घरांतील अस्तित्वच मान्य करावयाचें नाहीं, तिची माहिती कोणीं कोणास द्यावी? परंतु अलीकडे स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आपल्या परिचयाच्या कुटुंबांतही होऊं लागल्या आहेत, आणि त्यामुळें ह्या मौनाची किंमत वाढली आहे. म्हणून वाचकांची क्षमा मागून आम्ही हा अप्रिय विषय आज हातीं घेत आहों.

स्थूलता हा केवळ जिभेचा दोष नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल मनुष्याच्या आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अतिक्षुधा इत्यादि आठ दोष सांगितले असून कारणांमध्यें आईबापांकडून आलेल्या बीजाचाही उल्लेख आहे. तेव्हां पथ्य व व्यायाम करूनही ज्यांचें वजन उतरत नाहीं, त्यांनीं शस्त्रक्रियेचा आश्रय केला तर त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. 'गॅस्ट्रिक बायपास' ही शस्त्रक्रिया १९६६ सालीं अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत डॉ. एडवर्ड मेसन यांनीं प्रथम केली. आज ती करतांना जठराच्या वरच्या टोंकाची सुमारें ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून ती थेट लहान आंतड्यास जोडतात. बाकीचें जठर जागेवर राहतें, पण अन्न त्यांत जात नाहीं. 'स्लीव्ह' नांवाच्या दुसऱ्या प्रकारांत जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग काढून टाकून उरलेल्याची अरुंद नळी करितात. अनेकांचें वजन ह्यामुळें उतरतें, मधुमेह आटोक्यांत येतो, गुडघे पुन्हां चालूं लागतात. ह्या उपायाची निंदा करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं.

आतां ह्या नव्या जठरांत मद्याचें काय होतें तें पाहूं. मद्य रक्तांत शोषलें जातें तें मुख्यतः लहान आंतड्यांतून. सामान्य मनुष्याचें जठर हें त्या वाटेवरील नाकें आहे. तें मद्यास कांहीं काळ अडवून धरतें, पोटांत अन्न असल्यास अधिकच वेळ. शिवाय त्याच्या अस्तरांत असें एक द्रव्य असतें कीं जें मद्याचा थोडा अंश तेथेंच निकामी करितें. बायपासनंतर हें नाकेंच उठून जातें. २०१५ सालीं सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं बायपास झालेल्या व न झालेल्या स्त्रियांस सारख्याच मापानें मद्य दिलें. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या रक्तांत तें अवघ्या कांहीं मिनिटांत कळसास पोंचलें, आणि दोन पेल्यांनीं चार पेल्यांइतकें चढलें. स्लीव्हनंतरही असाच प्रकार घडतो, असें पुढील अभ्यासांत दिसून आलें आहे.

येथें जुन्या मास्तरास त्रैराशिक मांडण्याचा मोह होतो. अमेरिकन हिशेबांतील एक पेला म्हणजे सुमारें १४ ग्रॅम मद्यार्क. आपल्याकडील ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगांत सुमारें २० ग्रॅम असतो, म्हणजे जवळजवळ दीडपट. तेव्हां आपला मनुष्य ज्यांस 'दोनच पेग' म्हणतो, ते त्या हिशेबानें तीन पेले झाले. आणि बायपास झालेल्या देहाच्या हिशेबानें अदमासें सहा. हातांतील पेला तोच, पिणारा तोच, पण पूर्वींचें माप आतां खोटें ठरलें आहे. आणि वजन उतरविण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तर हेंही लक्षांत ठेवावें कीं, एक ग्रॅम साखरेंत चार उष्मांक असतात आणि एक ग्रॅम मद्यार्कांत सात.

चरकानें चिकित्सास्थानांतील मदात्ययाच्या अध्यायांत मद्याचे दहा गुण दिले आहेत. त्यांत 'आशु' आणि 'व्यवायी' असे दोन आहेत; आशु म्हणजे शीघ्र, आणि व्यवायी म्हणजे पचण्यापूर्वींच सर्व देहांत पसरणारें. प्राचीनांस बायपास ठाऊक होती असा अर्थ ह्यावरून कोणी काढूं नये. तसला अभिमान हास्यास्पद होय. परंतु नेमके हेच दोन गुण ह्या शस्त्रक्रियेनें बळावतात, एवढें मात्र खरें.

जो पदार्थ मेंदूस जितक्या लवकर पोंचतो तितकी त्याची ओढ अधिक, असा अनुभव आहे. अमेरिकेंतील दहा रुग्णालयांतील १,९४५ व्यक्तींचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. मद्यविकाराचें प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीं शेंकडा ७.६ होतें, पहिल्या वर्षानंतर ७.३ राहिलें, आणि दुसऱ्या वर्षीं ९.६ वर गेलें. त्याच मालिकेंतील २०१७ सालच्या निबंधाप्रमाणें बायपास झालेल्यांपैकीं सुमारें पांचांत एकास पांच वर्षांच्या आंत मद्याधीनतेचीं लक्षणें दिसूं लागलीं. पहिल्या वर्षीं पथ्य कडक असतें, डॉक्टरांकडे येणें-जाणें असतें, सारें घर लक्ष ठेवून असतें. धोका वाढतो तो त्यानंतर, म्हणजे घरच्यांनीं नवे कपडे शिवून झाले व आजार संपला असें मानलें, त्या सुमारास.

आमचा एक जुना विद्यार्थी, वय चाळिशीचें, पुण्यांत मोठ्या हुद्द्यावर आहे. बायपास होऊन त्यास दोन वर्षें झालीं. मध्यंतरीं तो व सूनबाई आमच्याकडे आलीं. तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांनीं विचारलें होतें, मद्य घेतां का म्हणून. आप्पा शेजारींच बसले होते. मी 'नाहीं' म्हटलें. कागदावरही तेंच लिहिलें गेलें."

पूर्वीं तो आठवड्यांतून एकदां मित्रमंडळींत दोन पेग घेई व शांतपणें घरीं येई. शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षानें एका लग्नाच्या मेजवानींत त्यानें तेच दोन घेतले आणि मोटारींत जाऊन बसला. सूनबाईंनीं किल्ल्या काढून घेतल्या म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशीं त्यास त्यांतलें कांहींच आठवेना. त्यानंतर महिन्यांतून एकदां, मग आठवड्यांतून, आणि अखेरीस रोज रात्रीं एकट्यानेंच, पुस्तकांच्या मागें ठेवलेल्या बाटलींतून. "डॉक्टरांकडे जायचें तर आहे," तो म्हणाला, "पण आप्पांना काय सांगूं?"

आप्पा आमच्याच वयाचे, करारी गृहस्थ. आम्ही त्याच्याबरोबर घरीं गेलों. मुलानें सर्व सांगितलें तेव्हां ते बराच वेळ झोंपाळ्यावर निश्चल बसून होते. मग इतकेंच म्हणाले, "उद्यां डॉक्टरांकडे मीही येतों. मात्र ह्या वेळीं मी बाहेर बसेन."

ह्या उत्तरांत एकत्र कुटुंबाचें बळही आहे आणि त्याचें वैगुण्यही उघड झालें आहे. दुखण्यांत शेजारीं बसणारें माणूस आपल्याकडे उणें पडत नाहीं. पण तेंच माणूस शेजारीं बसल्यामुळें रोग्याच्या तोंडून खरें निघत नाहीं. त्या मुलास खोटें बोलावयास कोणीं शिकविलें नव्हतें. खरें बोलण्यास मात्र घरांत जागा नव्हती.

तेव्हां ज्या घरांत अशी शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तेथील वडील मंडळींस आमची विनंति अशी. डॉक्टर रोग्याशीं बोलत असतां थोडा वेळ आपण होऊन बाहेर जावें. शस्त्रक्रियेनंतर निदान सहा महिने ते वर्षभर मद्यास शिवूं नये, असें बहुतेक शल्यवैद्य सांगतात. आणि ज्यास पूर्वीं मद्याचें व्यसन होतें, त्यानें पुढें कधींच घेऊं नये. घरांतील द्राक्षासवादि आसव-अरिष्टांतही अल्प मद्यार्क असतो. तींही डॉक्टरांस विचारूनच द्यावींत. मद्य घेतल्यावर, मग तें कितीही थोडें असो, मोटार चालवूं नये. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम ही आपल्या कायद्याची मर्यादा आहे, आणि नवें जठर ती फार लवकर ओलांडतें.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अशा मनुष्याचा तोल जाऊं लागला, बोलणें असंबद्ध झालें, दृष्टि विचित्र झाली, तर 'प्याला असेल' म्हणून त्यास झोंपूं देऊं नये. शस्त्रक्रियेनंतर आहार बेताचा असतो, वांत्याही होतात, आणि त्यांत मद्याची भर पडली म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची तीव्र उणीव होऊन मेंदूस कायमची इजा पोंचूं शकते. रक्तांतील साखर एकाएकीं उतरल्यासही मनुष्य तसाच झिंगल्यासारखा दिसतो. दोन्ही प्रसंगीं त्यास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें; रागावणें मागाहून करतां येतें.

घरांत मद्य येऊं नये, ही इच्छा आमचीही आहे, आणि ती सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. परंतु आलेंच, तर तें उघड सांगण्याइतका विश्वास मुलांस, सुनांस आणि जांवयांस आपल्याविषयीं वाटला पाहिजे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें दुखणें असेल, त्यांनीं निदान आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर रोग्यास एकट्यास बोलावून, आवाज न चढवितां, एकदां विचारून पाहावें. आणि तो जें सांगेल तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.